जनकाबाईच्या गाडीचं टॉनिक

डोणगाव, ता. मेहकर
१८ जून २०२५

चि. महामाया हिले आत्या जनकाबाईचा आशीर्वाद आन जय भीम.

फोन असताना आत्या पत्र काऊन लिहून राह्यली, असं तुले वाटलं असंन. फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' करते आन तिकडं हातानं दुसरंच कायतरी टाइप करते. मले टकटक आयकू येते. कागदावर तुले उत्तर द्याच लागन. आन दुसरं असं, की पस्तीस वर्षं नर्सबाई म्हणून रजिस्टरं भरली. रिटायर झाल्यापासून लिहायले काही राह्यलं नाही, बोटं शिवशिवतात.

आता कामाचं. आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमची बदली झाली तवा त्यांची जुनी पांढरी गाडी म्या घेतली, हे तुले ठाऊक आहे. साठाव्या वर्षी लायसन काढलं. पयले चार महिने माह्या गाडीसमोर गावातले कुत्रे बी उभे राहत नव्हते, आता राहतात. म्हणजे हात बसला.

पण दोन महिन्यांपासून गाडी खराट्यावानी आवाज करायले लागली. चढावर दम टाके. मंग मी उत्तमरावच्या दुकानात गेली. आपल्या स्टँडजवळ ज्याचं मोटारीच्या सामानाचं दुकान आहे, तो. त्यानं एक सोनेरी बाटली दाखवली. म्हणे, "बाई, हे इंजिनाचं टॉनिक होय. ऑइलमधी वता आन इसरून जा." मी काही अशी लगेच इश्वास ठेवणारी नाही. मंग त्यानं काउंटरवर एक यंत्र लावलं. त्याच्यात लोखंडी कडं गरगर फिरते, त्याच्यावर दांडीनं दुसरा तुकडा दाबायचा. साध्या ऑइलमधी जरा वजन टाकलं की कर्रकन आवाज येऊन यंत्र बंद. त्याच ऑइलमधी या बाटलीतले चार थेंब टाकले, तं दांडीवर दुप्पट वजन ठेवलं तरी कडं फिरतच राह्यलं. माह्या डोळ्यादेखत!

बाटली टाकली. दुसऱ्या दिवशी गाडीचा आवाज असा बसला जशी काही दूध पिऊन निजलेली पोरगी. देवानंद जीपवाला, मेहकर-डोणगाव फेऱ्या मारते तो, मले म्हणाला, "बाई, तुम्ही टाकली तं मी बी टाकतो." म्या म्हटलं, "टाक."

तू औरंगाबादले त्या ऑइल तपासायच्या लॅबमधी आहे. नाव बदललं आहे शहराचं, माह्या तोंडातलं अजून नाही. तं सांगजो, हे टॉनिक किती चांगलं आहे? कारण मोठा बेत केला आहे. औंदा अशोक विजयादशमीले दीक्षाभूमीवर मी सोता गाडी चालवत जाणार आहे. समृद्धीवरून, थेट नागपूर. संगं शेजारची मनकर्णाबाई आन सुभद्राबाई मास्तरीण. बसचं तिकीट काढणार नाही.

तुही,
जनका आत्या


छत्रपती संभाजीनगर
२७ जून २०२५

प्रिय आत्या, सप्रेम जय भीम.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि सगळी लॅब माझ्या टेबलाभोवती जमली. हाताने लिहिलेलं पत्र आमच्याकडे सात वर्षांत पहिल्यांदा आलं.

आता उत्तर देते, आणि ते तुला आवडणार नाही.

ऑइलच्या डब्यात नुसतं तेल नसतंच आत्या. मळ धरून ठेवणारी, झीज अडवणारी, उष्णतेत तेल पातळ होऊ न देणारी अशी बरीच औषधं कारखान्यातच मोजून मिसळलेली असतात. त्यांचा एकमेकांशी मेळ बसवायला लोकांची वर्षं जातात. वरून अजून एक बाटली ओतली की तो मेळ बिघडू शकतो. फायदा झालाच तर बहुतेक वेळा मोजता येणार नाही इतका. नुकसान मात्र मोजता येतं. मी रोज मोजते.

आणि ते यंत्र! इंजिनात असा तुकडा कड्यावर कोरडा दाबलेला नसतो, मध्ये तेलाचा पडदा असतो. त्या यंत्रावर शॅम्पूसुद्धा पास होईल. तू काय इंजिनात शॅम्पू घालणार का?

आवाज बसला म्हणतेस. या बाटल्यांत बरेचदा तेल घट्ट करणारं द्रव्य असतं. घट्ट तेलाने झिजलेल्या इंजिनाचा आवाज दबतो, धूरही कमी दिसतो. आजार तसाच राहतो. तुझं इंजिन आतून झिजलेलं आहे, हे मी इथे बसून सांगते. त्या गाडीने समृद्धीवर तीनशे किलोमीटर जायचं नाही. बसने जा.

एक गोष्ट मनात आली ती लिहूनच टाकते. ज्या बाईने पस्तीस वर्षं गावाला सांगितलं, "उगाच सलाईन लावत नसतात, उगाच टॉनिक पीत नसतात, आधी काय झालं ते पाहू", तीच बाई काउंटरवरच्या खेळाला भुलली?

तुझी,
महामाया


डोणगाव
५ जुलै २०२५

चि. महामाया हिले आशीर्वाद.

पत्र भेटलं. शेवटची ओळ दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचल्यावर चष्मा काढून ठेवला.

तू हुशार आहे, ते मले तू तीन वर्षांची होती तवाच समजलं होतं. पण गाडी न पाहता, आवाज न आयकता, इंजिन झिजलं म्हणून मोकळी झाली. आमच्यात असं केलं असतं तं मेडिकल ऑफिसरनं कान धरला असता. पेशंट न पाहता निदान!

कचरू मिस्त्रीनं गाडी पाह्यली आहे, तुनं नाही. त्यानंच त्या दिवशी जुनं ऑइल काढलं, नवं भरलं, फिल्टर बदलला आन मंग वरून बाटली वतली. तेव्हापासून गाडी झकास आहे.

नागपूरले मी जाणारच. आन गाडीनंच जाणार. मनकर्णाबाईनं नवं पातळ घेऊन ठेवलं आहे.

जनका आत्या


छत्रपती संभाजीनगर
१२ जुलै २०२५

प्रिय आत्या, जय भीम.

चुकलं माझं. सलाईनची ओळ लिहायला नको होती. आणि गाडी न पाहता निदान केलं, तेही चुकलं. दोन्ही कान धरले आहेत, इथे समोर बसलेली मैत्रीण साक्षीला आहे.

पण तुझ्या रागाच्या पत्रात एक वाक्य असं आहे की वाचून मी खुर्चीतून उठले. त्याच दिवशी जुनं ऑइल काढून नवं भरलं? आणि फिल्टरही? हे तू पहिल्या पत्रात लिहिलंच नव्हतंस! त्याआधी ऑइल कधी बदललं होतं? डॉक्टर मॅडमनी बदललं होतं का? आठवून सांग.

आत्या, तू एकाच दिवशी पेशंटला घरचं चांगलं जेवण दिलंस, आंघोळ घातलीस आणि वर एक गोळी दिलीस. पेशंट उठून बसला. आता गुण कशाचा, जेवणाचा की गोळीचा? तूच सांग.

मी नुसतं बोलत नाही, तपासू या. गाडी वीस मिनिटं चालवून आण, म्हणजे तेल गरम होऊन चांगलं ढवळेल. मग कचरूभाऊंना इंजिनाखालचा, तेल काढायचा बोल्ट सैल करायला सांग. पहिलं तेल वाहू द्यायचं, ते घ्यायचं नाही. नंतरचं मधल्या धारेचं तेल स्वच्छ, कोरड्या बाटलीत धरायचं आणि बाटलीवर तारीख, गाडीचे किलोमीटर लिहायचे. दुसऱ्या बाटलीत दुकानातलं नवंकोरं तेल, तिसऱ्यात ते सोनेरी टॉनिक थोडंसं.

रिपोर्ट जो येईल तो तुला जसाच्या तसा कळवीन. माझ्या विरुद्ध आला तरी.

तुझी,
महामाया


डोणगाव
११ ऑगस्ट २०२५

चि. महामाया हिले आशीर्वाद.

महिनाभर उत्तर नाही दिलं. रागानं नाही. शरमेनं.

देवानंद जीपवाल्याचं तुले लिहिलं होतं. त्यानं सोनेरी बाटली घेतलीच, पण संगं अजून एक घेतली, इंजिन आतून धुवायची. जुनं ऑइल असतानाच ती टाकायची, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं आन मंग सारं काढून टाकायचं, असं तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं. त्यानं ते वाचलं नाही. धुवायची बाटली टाकून तो आठ दिवस फेऱ्या मारत राह्यला.

मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी मेहकरहून येताना त्याच्या समोरचा तांबडा दिवा लागला, ऑइलच्या कुपीचं चित्र असते तो. जीपमधी दहा माणसं. देवानंदनं लगेच जीप बाजूले घेतली, चावी फिरवून बंद केली आन म्हणाला, "उतरा सारे, ही आता जाणार नाही." लोकं चिडले. एक जण म्हणे, "अबे, गाव तं दिसून राह्यलं, ने ना दोन मिनिटं!" त्यानं नेली नाही. ते त्याचं नशीब.

दुसऱ्या गाडीले दोर बांधून जीप कचरूकडं आणली. मी बी गेली. कचरूनं इंजिनाखालचं ऑइलचं पात्र उघडलं तं आत काळा गाळ. जशी पोळ्याच्या सणाले तव्याखाली काजळी जमते तसा. ज्या जाळीतून इंजिन ऑइल ओढते, ती जाळी त्या गाळानं गच्च बुजलेली. वर्षानुवर्षं भिंतीले चिकटून बसलेला मळ त्या बाटलीनं एकदम सोडवला आन तो जाळीत जाऊन बसला. कचरू म्हणाला, "आजून दोन मिनिटं चालवली असती तं इंजिन जाम झालं असतं."

मी देवानंदले म्हटलं, "तुले बाटल्या घ्यायले कोणी सांगतलं होतं?" आन तोंडातून शब्द गेल्यावर मलेच आठवलं. तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, तुम्ही टाकली म्हणून मी टाकली. तुम्ही दिलेली कोणतीच गोष्ट आजपोतर वाईट निंघाली नाही."

महामाया, कोणी शिव्या दिल्या असत्या तं मी परत दिल्या असत्या. याले काय देऊ? या गावानं माह्या शब्दावर लेकराच्या तोंडात पोलिओचे थेंब घेतले, माह्या शब्दावर बायका दवाखान्यात बाळंत झाल्या. तो शब्द म्या एका यंत्राच्या खेळावर खर्च केला. तुही सलाईनची ओळ खरी होती. म्हणूनच टोचली.

जाळी धुतली, गाळ काढला, जीप चालू झाली. इंजिन वाचलं.

डॉक्टर मॅडमले बी फोन लावला. त्या हसल्या, म्हणे, "ऑइल? जनकाताई, मी फक्त पेट्रोल टाकत होते." म्हणजे दोन वर्षं तरी बदललं नव्हतं. आता तू काय म्हणशील ते मले समजलं.

तीन बाटल्या पाठवून राह्यली. टपालवाले तेल घेत नाहीत म्हणून देवानंद सोता एसटीनं घेऊन येते. चौथी त्याच्या जीपची आहे, ती बी तपास. आन मधली धार मले शिकवू नको बाई. पस्तीस वर्षं लघवीचे नमुने घेतले आहेत. कचरू बोल्ट काढून बाटली लावायले गेला, म्या त्याच्या हातावर चापट मारली, "पयली सोडून दे!" तो म्हणे, "बाई, हे तुम्हाले कोणी शिकवलं?" म्या सांगतलं तं तो गाडीखालीच हसत पडून राह्यला.

देवानंदले जेवू घालजो.

आत्या


छत्रपती संभाजीनगर
२३ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या, जय भीम.

देवानंदभाऊ बाटल्या मांडीवर घेऊन आले होते, लेकरं धरतात तशा. जेवू घातलं. त्यांनी सगळी लॅब फिरून पाहिली आणि आमच्या साहेबांना विचारलं, "इथं माणसाचं रक्त बी तपासता का?"

रिपोर्ट सोबत जोडला आहे. सोपं करून सांगते.

तुझ्या तेलात लोखंडाचे कण अगदी कमी आहेत. म्हणजे तुझं इंजिन झिजलेलं नाही. पुन्हा लिहिते, म्हणजे तुला दोनदा वाचता येईल: तुझं इंजिन झिजलेलं नाही. मी चुकले होते. ते फक्त दोन वर्षं त्याच काळ्या तेलात उपाशी होतं. नवं तेल मिळालं आणि शांत झालं. आवाज बसला तो मुख्यतः त्यामुळे, असं माझं मत आहे.

टॉनिकचं काय? त्याने तुझं तेल हवं त्यापेक्षा घट्ट केलं आहे. सकाळी थंड इंजिन चालू करतेस तेव्हा असं तेल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं. त्याने झीज कमी झाली की नाही, हे एका नमुन्यावरून मी सांगू शकत नाही, आणि ते दुकानदारालाही सांगता येणार नाही. सगळ्याच बाटल्या विष असतात असंही मी म्हणणार नाही. एखाद्या ठरावीक दुखण्याला एखादी बाटली कामाला येते. पण ते दुखणं आहे का, हे आधी पाहावं लागतं. हे तुला सांगणारी मी कोण!

आता खरी गोष्ट. तुझ्या तेलात धूळ आहे. बारीक माती, चालते त्याच्या चौपट. ती तेलातून येत नाही, हवेतून येते. हवेच्या फिल्टरपासून इंजिनापर्यंत जाणारा रबरी पाइप कचरूभाऊंना बोट फिरवून तपासायला सांग. कुठेतरी फट आहे. हा खरा आजार, आणि तो आपल्या दोघींनाही दिसला नव्हता. चढावर दम लागतो त्याचंही तिथेच पाहा.

फट बुजव, तेल बदल, बाटली टाकू नकोस, आणि नागपूरला जा. मी लिहून देते, फिट.

देवानंदभाऊंच्या तेलात अजून गाळ आहे. त्यांना सांग, पुढच्या दोन वेळा तेल लवकर बदला, मळ हळूहळू निघू दे.

आणि एक कबुली. गेली सात वर्षं मी हजारो इंजिनांचं तेल तपासलं, पण मला गाडी चालवता येत नाही. क्लच आणि ब्रेक यांतला फरक मला फक्त आकृतीत माहीत आहे. हे कुणाला सांगू नकोस.

तुझी,
महामाया


डोणगाव
१२ सप्टेंबर २०२५

चि. महामाया हिले लय लय आशीर्वाद.

साऱ्या गावाले सांगतलं. लॅबवालीले गाडी येत नाही! मनकर्णाबाई इतकी हसली की तिले पाणी द्यावं लागलं.

पाइप भेटला. खालच्या बाजूनं अशी फट, की कचरूचं बोट आरपार गेलं. वरून पाहाल तं चकाचक. नवा बसवला, ऑइल बदललं. आता गाडी चढावर अशी जाते की सुभद्राबाई मास्तरीण दार धरून बसते.

पण खरी मजा पुढं आहे, बसून वाच.

तुहा रिपोर्ट घेऊन मी उत्तमरावच्या दुकानात गेली. भांडायले नाही. त्याची दोन्ही लेकरं माह्या हातानं टोचलेली आहेत, तो मले खोटं सांगणार नाही हे मले माहीत होतं. त्यालेच कंपनीच्या माणसानं सांगतलं, त्यानं खरं मानलं. देवानंदच्या जीपपासून त्याचं बी तोंड उतरलेलं होतं. म्या म्हटलं, "उत्तमराव, ते यंत्र काढा." त्यानं काढलं. मंग म्या त्याच्याच दुकानात टांगलेली शॅम्पूची पुडी तोडली, कड्याखालच्या ऑइलमधी पिळली.

बाजाराचा दिवस, पंधरा-वीस जण जमलेले. उत्तमरावनं यंत्र चालू केलं, दांडीवर वजन ठेवलं. कडं फिरत राह्यलं. अजून वजन ठेवलं. फिरत राह्यलं! फेस येऊन राह्यला आन कडं फिरून राह्यलं! गर्दीतून कोणीतरी वरडलं, "उत्तमभाऊ, माह्या ट्रॅक्टरले दोन पुड्या द्या, कोंडा झाला आहे!" उत्तमराव पयले कावराबावरा झाला. मंग त्यानं वजन खाली ठेवलं आन असा हसला, असा हसला, की काउंटरवर डोकं टेकलं. डोळे पुसत मले म्हणे, "बाई, तीन वर्षं मी या यंत्राले नमस्कार करून दुकान उघडत होतो."

तुनं जे पत्रात सहज लिहिलं, ते आमी करून पाह्यलं. तुले तरी खात्री होती का?

आता ऐक. दर बाजाराच्या दिवशी उत्तमरावच्या दुकानासमोर मी खुर्ची टाकून बसते. जीप, ट्रॅक्टर, मालाच्या गाड्या, ज्याले पाह्यजे तो येते. मी ऑइल मोजायची पट्टी काढते, पुसते, परत घालून काढते, पाहते. ऑइल कधी बदललं, किती चाललं, फिल्टर कधी बदलला, समदं इचारून वहीत लिहिते. नवं रजिस्टर केलं आहे, लाल रेघा मारून! पयल्या दिवशी सतरा पेशंट. त्यातल्या नऊ जणांले ऑइल बदललं कधी तेच आठवेना. एका ट्रॅक्टरची पट्टी काढली तं कोरडी. म्या मालकाकडं पाह्यलं, त्यानं माह्याकडं पाह्यलं. म्या म्हटलं, "चाबी दे इकडं. ऑइल भरल्याशिवाय भेटणार नाही." देवानंद उभा राहून साऱ्यांले तांबड्या दिव्याचं सांगते, "लागला का बंद करा, गाव दिसत असलं तरी." त्याच्याइतकं चांगलं कोणीच सांगत नाही.

सोनेरी बाटल्या उत्तमरावनं परत पाठवल्या. ऑइल आन फिल्टर मात्र त्याले आता पुरत नाहीत.

तू दसऱ्याच्या दोन दिवस आधी डोणगावले येजो. तुही जागा माह्या बाजूले, समोर. नाही म्हणशील तं पत्र लिहिणं बंद, फोन करन. रोज.

तुही,
आत्या


छत्रपती संभाजीनगर
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या, सप्रेम जय भीम.

चार दिवस एकत्र राहून आलो आणि तरी पत्र लिहिते आहे, कारण काही गोष्टी तुला दिसल्याच नाहीत. तुझं लक्ष रस्त्यावर होतं.

मेहकरला समृद्धीवर चढलो तेव्हा स्टिअरिंगवर तुझी बोटं पांढरी पडली होती. मोठे ट्रक बाजूने जात होते. मी काट्याकडे बघत होते, तापमान बरोबर, दिवा विझलेला, आवाज स्वच्छ. मी मनात म्हणत होते, तेलाला काही होणार नाही, बाकी आत्याच्या हातात. मग कारंज्याच्या आसपास तू एकदम गाणं गुणगुणायला लागलीस. तुला आठवतही नसेल. मागे सुभद्राबाईंनी दार सोडलं आणि शेंगदाण्याची पुडी उघडली.

मनकर्णाबाई म्हणाल्या, "जनके, ऐंशीनं काऊन चालून राह्यली? ते पोट्टं पुढं गेलं ना!" त्यावर तू, "जाऊ दे त्याले, त्याचं ऑइल कोणी पाह्यलं आहे!" मी इतकी हसले की पाण्याची बाटली ओढणीवर सांडली.

आता तुला न दिसलेलं.

मधे थांबलो, तू हातपाय मोकळे करायला उतरलीस आणि सवयीने बॉनेट उघडून पट्टी काढलीस. शेजारच्या गाडीतलं कुटुंब बघत होतं. तेव्हा मनकर्णाबाई माझ्याजवळ सरकल्या. त्या तुझ्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. म्हणाल्या, "माह्या चारही बाळंतपणाले ही शेतातल्या घरापोतर चिखल तुडवत आली. तिसऱ्या वक्ताले तं नाल्याले पाणी होतं, पेटी डोक्यावर घेऊन आली. पायात चपला नव्हत्या, वाहून गेल्या होत्या. मी कण्हत होती आन हिच्या पायाकडं पाहत होती. मनात म्हटलं, या बाईले एखादी सायकल तरी भेटावी."

तेवढ्यात तू बॉनेट बंद केलंस, हात फडक्याला पुसलेस. त्यांनी नव्या पातळाच्या पदराने डोळे टिपले आणि तू दार उघडून बसताच ओरडल्या, "चाल ना बे, नागपूर इथंच आहे का?"

तू म्हणालीस, "हिचे डोळे काऊन लाल झाले?" मी म्हणाले, "झोप झाली नसेल." खोटं बोलले. आज खरं लिहिते.

दीक्षाभूमीवर त्या लाखोंच्या गर्दीत, निळ्या झेंड्यांखाली तू आम्हा तिघींचा हात धरून चालत होतीस, आणि कुठून तरी एक तरुण बाई धावत आली, कडेवर मूल. "डोणगावच्या नर्सबाई ना? मी तुमच्या हातची." तू तिला ओळखलं नाहीस. तिच्या कडेवरच्या मुलाचं आधी अंगठ्याचं नख पाहिलंस, मग डोळ्याखालची पापणी ओढून पाहिलीस, आणि म्हणालीस, "रक्त कमी आहे याचं. खायले काय देते?" तिने सांगितलं, एक टॉनिक चालू आहे. तू माझ्याकडे पाहिलंस. मग दोघी हसत सुटलो, आणि ती बिचारी बघतच राहिली! तू मग तिला तिथेच उभं करून पालेभाजी, गूळ, शेंगदाणे, मोड आलेली मटकी, सगळं पाठ करून घेतलंस.

काल इथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, "मॅडम, गाडीबद्दल काही माहिती आहे का?" मी म्हणाले, "तेलाबद्दल विचारा." मग तीन वेळा गाडी बंद पाडली.

तुझी,
महामाया


डोणगाव
१७ ऑक्टोबर २०२५

चि. महामाया हिले आशीर्वाद.

पत्र भेटलं. मनकर्णाबाईचं वाचून मी तशीच उठली आन तिच्या घरी गेली. ती भाकरी थापत होती. मी बसली, तिनं पयली गरम भाकर माह्या ताटात टाकली, वरून ठेचा, वरून तेल. मी खात राह्यली. मंग ती म्हणाली, "जनके, या जन्मात समुद्र पाह्यला नाही म्या. तुह्या गाडीनं किती दिवस लागतीन?"

मी सुभद्राबाईकडून शाळेचा नकाशा आणला आहे. आता आमी तिघी तो खाटेवर पसरून बसलो आहोत आन भांडून राह्यलो आहोत. मनकर्णाबाईले रत्नागिरीकडचा समुद्र पाह्यजे, सुभद्राबाईले अलिबागकडचा. तू लवकर शीक. दोघी आळीपाळीनं चालवू.

तुही,
आत्या